ताप आला तर घरी थांबू नका : सिकलसेलचे रुग्ण आणि कोरोना



मार्च २०२० पासून आपण सर्वांनी एकच सूचना वारंवार ऐकली : घरी राहा, सुरक्षित राहा. बहुतेकांसाठी ती योग्यच होती. पण पोंभुर्णा तालुक्यात आणि वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे ही सूचना अर्धीच लागू पडत होती. ती सिकलसेल रुग्णांची घरे होत. या रुग्णांनी गर्दीपासून दूर राहायचे होते, दवाखान्यापासून नाही. हा फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो संसर्गाने पसरत नाही. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल व लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की ही पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी १०-२० दिवसांतच मोडतात, म्हणून अंगात रक्त कमी राहते. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय, कंबर आणि छातीत असह्य वेदना उठतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार आढळला. आपल्याकडे गोंड, माडिया, परधान आणि विदर्भातील इतरही अनेक समाजांत तो आहे.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर ती व्यक्ती 'वाहक' असते. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्टीत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो त्यामुळेच. वाहक सहसा निरोगी असतो, त्याने घाबरून जाऊ नये. दोघांकडून दोष आला, तर मूल 'रुग्ण' होते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते.

कोरोनाचा धोका जास्त का?

कोरोना फुफ्फुसांवर घाला घालतो. प्राणवायू कमी झाला की पेशी वाकड्या होतात, त्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत अडकतात आणि प्राणवायू आणखी कमी होतो. शिवाय कोरोना नसतानाही सिकलसेलमुळे छातीत असाच गंभीर बिघाड होऊ शकतो. ताप, खोकला, छातीत दुखणे, धाप लागणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच असतात. घरी बसून फरक ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट पानथरीची. रक्तातले जंतू अडवण्याचे काम हा अवयव करतो. सिकलसेलच्या अनेक रुग्णांत तो लहानपणीच निकामी होतो. मग साधा वाटणारा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. त्यात आपल्या भागात पावसाळ्याचा ताप मलेरियाचाही असू शकतो. म्हणून सिकलसेल रुग्णाचा ताप, मग तो कशाचाही असो, त्याच दिवशी तपासला गेलाच पाहिजे.

नेमके हेच कोरोनाच्या काळात अवघड झाले. मार्च २०२० मध्ये एसटी थांबली. जिल्ह्याबाहेर जाणारी बस २० ऑगस्टला सुरू झाली. ज्यांच्याकडे मोटारसायकलही नाही, त्यांच्यासाठी चंद्रपूरचे रुग्णालय एकदम लांब गेले. त्यावर भीतीची भर. ताप सांगितला तर कोरोना केंद्रात नेतील, म्हणून ताप लपवायचा. इतर कुणाला हे लपवणे कदाचित निभावते, सिकलसेलच्या रुग्णाला मात्र ते फार महागात पडू शकते.

रोजची काळजी

सिकलसेलच्या रुग्णाला ऊन, तहान, गारठा आणि अतिश्रम हे चारही बाधतात. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत ऊन असते, रोवणीत पाऊस आणि चिखल. रुग्णाला दिवसभर बांधीत भिजत ठेवू नये. ओले कपडे लगेच बदलावेत. कामाला जाताना पाण्याची बाटली सोबत असावी आणि पाणी थोडे थोडे सतत प्यावे. काढा हा पाण्याला पर्याय नाही.

फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणि डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सियुरिया बंद करू नये. औषधे संपण्यापूर्वीच आशाताईंना सांगावे. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत. दुसऱ्या लाटेत अनेकांनी स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेतल्या. सिकलसेलच्या रुग्णात त्यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. घरी ऑक्सिमीटर असल्यास बरे वाटत असतानाचा आकडा लिहून ठेवावा. काही रुग्णांचा नेहमीचा आकडाच थोडा कमी असतो, त्यामुळे घट ओळखायला तो उपयोगी पडतो.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास थांबू नका, १०८ ला फोन करा :

- १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
- छातीत दुखणे किंवा धाप लागणे
- अंग एकाएकी पांढरे पडणे
- मुलाचे पोट डाव्या बाजूला अचानक फुगणे
- हातपाय लुळे पडणे किंवा बोबडी वळणे
- नेहमीच्या गोळीने न थांबणारी वेदना

दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच सांगा : "हा सिकलसेलचा रुग्ण आहे." तपासणीचे कार्ड सोबत न्या. विलगीकरणात राहावे लागले तरी नेहमीची औषधे बरोबर असू द्या.

लस कोणी घ्यावी?

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या आजारी लोकांना लशीसाठी प्राधान्य मिळाले, त्यांच्या आजारांच्या यादीत सिकलसेल होता. २१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रांवर ती मोफत मिळू लागली. पण अनेक रुग्ण शाळकरी मुले होती आणि त्यांच्यासाठी तेव्हा लस नव्हती. त्यांचा बचाव घरातल्या मोठ्या माणसांनी लस घेण्यावर अवलंबून होता. आजी, काका, शेजारी आणि भेटीला येणारे आपण, सर्वांनीच ती घेणे म्हणून महत्त्वाचे होते.

मंडळीने काय करावे?

आजाऱ्यांच्या भेटीला जाणे ही आपली जुनी रीत आहे. ती मोडू नये, पण अंगणात बसावे, मास्क लावावा, स्वतःला सर्दी-खोकला असल्यास फोनवरच प्रार्थना करावी. निघताना दोन प्रश्न जरूर विचारावेत : औषध किती दिवसांचे उरले आहे? रात्री ताप आला तर गाडी कोणाची?

दुसरी मदत रक्ताची. काही रुग्णांना वेळोवेळी रक्त चढवावे लागते, आणि टाळेबंदीत रक्तदान शिबिरे थांबल्याने तुटवडा झाला. २०२१ मधील नियमानुसार लशीचा डोस घेतल्यावर १४ दिवसांनी रक्तदान करता येत होते. जे निरोगी आहेत त्यांनी लशीच्या तारखा पाहून रक्तदानाचा दिवस ठरवावा. गावात ज्यांच्याकडे वाहन आहे, त्यांनी आपला फोन नंबर आशाताईंकडे आणि रुग्णाच्या घरी देऊन ठेवावा. रोवणीच्या पावसात रस्ते चिखलाने भरतील, त्याआधीच हे होऊन जावे.