खेळ कशाने रंगतो?

मुलांनो, तुम्ही राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळला असाल. चोराने आपली चिठ्ठी आधीच दाखवली, की खेळ संपला!

मोठी माणसेही असा खेळ खेळतात. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत पूर्वी बहुरूपी नेहमी येत. त्यांना रायरंदही म्हणतात. अंगात खाकी कपडे, हातात वही. "चला, तुमच्या नावाचे वॉरंट आहे!" असे तो दरडावी. घरमालकही घाबरल्यासारखे करी. सोंग खोटे आहे, हे दोघांनाही ठाऊक असे. पण बोलून कोणी दाखवत नसे. शेवटी तो हसून सलाम करी आणि पैसे, धान्य मागे. सोंग फसले तर कमाई बुडे. त्याचे पोट त्यावरच होते ना!

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर सोंगांचा खेळ सुरू केला. त्यात चित्र एकही नव्हते. वाट, घर, खजिना सारे वाचूनच समजायचे. तरी खेळाडू त्यात रात्र रात्र रमत. कारण तेथे इतर माणसे भेटत आणि एकाच्या करणीने दुसऱ्याचा खेळ बदले.

आजच्या खेळांत रंगीत चित्रे आहेत. पण ऐन लढाईत सोबतचा सरदार गणिताचे मार्क सांगू लागला, तर चित्रे काय करणार?