एंजिन बंद, तरी चाके सुरू!

अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे मोटरहोम घेऊन प्रवासाला निघतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच! मुक्कामी पोचल्यावर बाजारहाटासाठी हे धूड कोण बाहेर काढणार? म्हणून काहीजण एक जुनी पिकअप मागे दांडीने जोडून, तिची चारही चाके जमिनीवर ठेवून, ओढत नेतात.

अशी पिकअप विकत घेताना गिऱ्हाईक रंग पाहते, टायर पाहते. पाहायला हवी ती वंगणाची सोय. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एंजिन बंद असते. पण तिची मागची चाके फिरतात आणि गिअरबॉक्सचे काही भागही फिरवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप बहुधा एंजिनावर चालतो. एंजिन बंद, की पंप बंद! मग धातूवर धातू कोरडाच घासतो, तापतो आणि झिजतो. नुसता गिअर न्यूट्रलमध्ये टाकून हे टळत नाही.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या पिकअपमध्ये गिअरबॉक्समागे 'ट्रान्स्फर केस' असते. तिलाच स्वतंत्र न्यूट्रल असेल, तर चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. मात्र ती सोय सर्वांत नसते. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या मॉडेलची, त्याच सालची माहितीपुस्तिका उघडावी हे बरे.

आता ब्रेक. समजा, पिकअपचे वस्तुमान २००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर आहे. तिची गतिज ऊर्जा किती? ६,२५,००० ज्यूल! हा सारा जादा भार मोटरहोमच्या ब्रेकांवर पडू नये, म्हणून मोटरहोम थांबू लागताच पिकअपचाही ब्रेक दाबणारे उपकरण तिच्यात बसवतात.