विक्लिफपंथीय बायबल आणि इंग्रजी वाक्यरचनेचा प्रश्न

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उद्भवलेल्या धर्मसुधारणेच्या चळवळीचा अभ्यास बहुधा इतिहासाच्या किंवा धर्मशास्त्राच्या अंगाने केला जातो. जॉन विक्लिफ (मृत्यू १३८४) याने चर्चची ऐहिक मालमत्ता, पोपचा अधिकार आणि प्रभुभोजनविषयक रूढ सिद्धान्त यांवर केलेली टीका सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या अनुयायांशी, म्हणजे लॉलर्डांशी, निगडित असलेले संपूर्ण इंग्रजी बायबल सिद्ध झाले, तेव्हा या वादात एक निराळाच प्रश्न उभा राहिला. इंग्रजी भाषा धर्मग्रंथाचा भार पेलू शकते काय, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा भाषिक बाजूने विचार करावयाचा आहे.

त्या काळी इंग्लंडात लॅटिन ही चर्चची व विद्येची, फ्रेंच ही दरबाराची आणि इंग्रजी ही बहुजनांची भाषा होती. १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील वाद इंग्रजीत चालविण्यास मान्यता मिळाली. नोंदी मात्र लॅटिनमध्येच राहिल्या. लँगलंड आणि चॉसर यांनी इंग्रजीला काव्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि १३८१ च्या शेतकरी उठावात जॉन बॉल या धर्मोपदेशकाच्या नावाने फिरलेल्या इंग्रजी पत्रांत लँगलंडच्या नांगरधारी पिअर्सचे नाव आढळते. इंग्रजी लेखन कोठवर पोहोचू शकते, याचा सत्ताधाऱ्यांना आलेला हा अनुभव होता.

विक्लिफपंथीय बायबलाची दोन रूपे उपलब्ध आहेत. पहिले रूप लॅटिन मूळ ग्रंथाला शब्दशः बिलगून चालते. लॅटिन शब्दक्रम आणि धातुसाधितांची दाटी त्यात जशीच्या तशी उतरली असल्यामुळे शब्द इंग्रजी, पण वाक्य लॅटिन, अशी अवस्था ठिकठिकाणी दिसते. दुसरे रूप बोलण्यातील इंग्रजीला बरेच जवळचे आहे. जॉन पर्व्ही हा त्याचा कर्ता, असे पूर्वी मानीत. परंतु त्याला पुरेसा आधार नाही.

दुसऱ्या रूपाच्या काही हस्तलिखितांस जोडलेली विस्तृत प्रस्तावना भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. तिच्या अनामिक लेखकाने आपली कार्यपद्धती चार पायऱ्यांत सांगितली आहे : अनेक लॅटिन प्रती ताडून पाठ शुद्ध करणे, टीकाग्रंथांच्या साह्याने त्याचा अभ्यास करणे, कठीण शब्दांसाठी जुन्या वैयाकरणांचा व धर्मशास्त्रज्ञांचा आधार घेणे, आणि अखेरीस अर्थाला अनुसरून भाषांतर करून ते जाणत्या सहकाऱ्यांकडून तपासून घेणे. लॅटिनमध्ये संस्कृतातील सतिसप्तमीसारखी एक रचना आहे. तिची फोड करून इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद व उभयान्वयी अव्यय योजावे, असे तो सांगतो.

शब्दक्रमाविषयीचे त्याचे विवेचन तर विशेष मार्मिक आहे. ‘शत्रू परमेश्वराला भितील’ या आशयाच्या वाक्यात लॅटिनमध्ये कर्म आरंभी आले तरी अर्थ बिघडत नाही. कारण विभक्तिप्रत्यय कर्ता कोण ते दाखवितो. मराठीतही ‘ला’ हा प्रत्यय तेच कार्य करतो. चौदाव्या शतकातील इंग्रजीने मात्र नामांचे विभक्तिप्रत्यय बहुतांशी गमावले होते. तेथे परमेश्वराचे नाव आरंभी ठेवले, तर परमेश्वरच शत्रूंना भितो असा विपरीत अर्थ होण्याचा धोका होता. म्हणून शब्दाशी निष्ठा राखणे म्हणजे अर्थाशी निष्ठा राखणे नव्हे, हा निष्कर्ष त्याने व्याकरणाच्या आधारे काढला.

१४०१ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये हाच वाद विद्वानांत रंगला. इंग्रजी भाषा अपुरी आहे, तिला लॅटिनप्रमाणे व्याकरण व अलंकार नाहीत, असा थॉमस पामर याचा आक्षेप होता. उलट रिचर्ड अलर्स्टन याने भाषांतराचा पक्ष उचलून धरला. अलर्स्टन हा लॉलर्ड नव्हता, सनातनी मताचाच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्या घटकेपर्यंत इंग्रजी बायबलाचा पुरस्कार करणे म्हणजे पाखंड, असे समीकरण झालेले नव्हते.

ते समीकरण पुढे सत्तेने घडविले. १४०१ मध्येच पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. आर्चबिशप अरंडेल याने १४०७ मध्ये तयार केलेले निर्बंध १४०९ मध्ये जारी झाले. धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून बायबलातील कोणताही भाग इंग्रजीत आणणे अथवा विक्लिफच्या काळापासून झालेली अशी भाषांतरे वाचणे निषिद्ध ठरले. ऑक्सफर्डच्या महाविद्यालयप्रमुखांनी विद्यार्थ्यांच्या मतांची दरमहा चौकशी करावी, असेही त्यात फर्माविले होते. विद्यापीठात ज्याची चर्चा होत होती, त्याची आता चौकशी होऊ लागली.

याची झळ सामान्यांना लागली. नॉरिच येथील १४२८ ते १४३१ या काळातील चौकशीत मार्जरी बॅक्स्टर या स्त्रीविरुद्ध जी साक्ष झाली, तीत तिचा नवरा रात्री घरात तिला धर्मग्रंथ वाचून दाखवितो, असा उल्लेख आहे. लॉलर्डांचे खंडन करणारेही सुटले नाहीत. बिशप रेजिनाल्ड पीकॉक याने त्यांच्याशी इंग्रजीतूनच युक्तिवाद केला. पण १४५७ मध्ये त्यालाच पाखंडी ठरवून त्याचे ग्रंथ जाळण्यात आले.

असे असूनही या बायबलाची अडीचशेहून अधिक हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी अनेकांत चर्चमधील नित्य वाचनांचे कोष्टक जोडलेले आहे. यावरून निष्ठावंत सनातनी वाचकही ती वापरीत, हे दिसते. पामरचा आक्षेप निर्बंधांनी जिंकला असेल; व्याकरणाच्या क्षेत्रात मात्र त्याचे उत्तर त्या अनामिक प्रस्तावनाकाराने आधीच देऊन ठेवले होते. भाषा अपुरी आहे असे म्हणणाऱ्याने प्रथम तिची स्वतःची वाक्यरचना तपासली आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.