तळघरातली भट्टी (भाग ९) : मागे राहिलेला हीटर

या आठवड्यात डक्टच्या सांध्यांना मॅस्टिक कसं लावायचं ते सांगणार होतो. ते पुढच्या खेपेला. मधेच ॲन आर्बरहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि माझा आवडता विषय आयताच हाती लागला. त्या लिहितात, 'गेल्या वर्षी नवी फर्नेस बसवली, गॅसचं बिल उतरलं. पण या हिवाळ्यात तळघरातल्या खिडक्यांना आतून पाणी सुटतंय आणि धुराड्याच्या विटांना लोणा लागलाय. फर्नेस गळतेय का?'

बाई, फर्नेसला दोष देण्याआधी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या उंच पिंपाकडे, म्हणजे वॉटर हीटरकडे बघा. आणि तपासणी होईपर्यंत तो बंदच ठेवा. चार दिवस गार पाण्याने भागवावं लागलं तरी चालेल.

मागच्या भागात मी पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचं तोंड भरून कौतुक केलं. नव्या फर्नेसचा धूर इतका निवलेला असतो की तो प्लास्टिकच्या नळीतून सरळ भिंतीबाहेर काढता येतो. त्या भरात सांगायचं राहिलं ते हे, की जुनी फर्नेस धुराड्यात एकटी नव्हती. वॉटर हीटरची नळीही त्याच धुराड्यात जात होती. फर्नेसने भिंतीतून आपली वेगळी वाट काढली आणि त्या भल्या थोरल्या धुराड्याला हीटर एकटाच उरला. इथले मेकॅनिक त्याला चक्क 'अनाथ हीटर' म्हणतात.

धुराड्याला पंखा नसतो. आतली हवा गरम, म्हणून हलकी, म्हणून वर जाते; सगळी ओढ काय ती एवढीच. लहानपणी ज्यांनी पहाटे तांब्याचा बंब पेटवलाय त्यांना हे समजावायला नको. सुरुवातीला धूर खालूनच डोळ्यांत येतो, मग मधली नळी तापली की बंब 'ओढायला' लागतो. जुनी एक लाख बीटीयूची फर्नेस हिवाळाभर ते धुराडं तापतं ठेवायची. हीटर जेमतेम चाळीस हजारांचा, तोही दिवसातून थोडाच वेळ पेटणारा. तेवढ्या आचेवर दोन मजली विटा काय तापणार?

इथे एक ठोकताळा चालतो : धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ हीटरच्या तोंडाच्या सातपटीहून मोठं नको. तीन इंची तोंडाचं क्षेत्रफळ ७ चौरस इंच, म्हणजे मर्यादा ४९ची. जुन्या घरांत धुराड्याच्या आतली भाजक्या मातीची नळी आठ बाय बाराची असली, तर आतली जागा सत्तरच्या घरात जाते. त्यातून धुराडं बाहेरच्या भिंतीला असेल आणि तीन बाजूंनी मिशिगनचा वारा खात असेल, तर मी हा हिशेब मांडतच बसत नाही. लायनर घाला म्हणतो.

आता लोणा. मिथेनचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन तयार होतात. चाळीस हजारांचा हीटर तासभर पेटला तर सुमारे पावणेदोन लिटर पाणी वाफ होऊन धुराड्याकडे निघतं. गार विटांवर त्याचं दव धरतं, ते आंबट असतं, ते सांध्यांतला चुना खातं. आणि धुराड्याने ओढच घेतली नाही तर ती वाफ घरातच उलटते आणि काचांवर दिसते. तिच्याबरोबर आलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र दिसत नाही.

माझ्या पहिल्या घरात हे मी उदबत्तीने पकडलं. हीटर पेटता ठेवून त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या छत्रीच्या कडेशी उदबत्ती धरली. धूर छान आत जात होता. एवढ्यात बायकोने वर कपड्यांचा ड्रायर लावला. धुराची रेघ थबकली, वाकली आणि सरळ माझ्या नाकावर आली. मग खाली लक्ष गेलं. हीटरच्या माथ्यावर गरम पाण्याच्या नळीभोवती प्लास्टिकचं लाल कडं असतं, ते एका बाजूने मेणबत्तीसारखं ओघळलं होतं. म्हणजे हे कित्येक महिने चाललं होतं. फर्नेस बसवून गेलेल्या माणसाने ती झकास बसवली होती. हीटरकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

हीच उदबत्तीची परीक्षा करायची असेल तर अशी करा. दारं-खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला पंखा चालू, ड्रायर चालू, फर्नेसचा ब्लोअरही चालू. मग हीटर पेटवा. पहिल्या मिनिटात थोडा धूर बाहेर आला तर घाबरू नका. पाच मिनिटांनंतरही आत जात नसेल, तर हीटर बंद, खिडक्या सताड उघड्या आणि लायसन्सवाल्या माणसाला फोन. तो धुराड्यात ॲल्युमिनियमचा लायनर सोडेल, नाहीतर पंख्याचा हीटर सुचवेल. 'आमचा अलार्म वाजला नाही' हे मला सांगू नका. ७० पीपीएमला तो तासभर, कधी चार तासही, गप्प बसू शकतो. तो तसाच बनवलेला असतो.

ब्लोअर चालू करायला का सांगितलं? फर्नेसच्या रिटर्न डक्टला तळघरात फटी असतील तर तीही ड्रायरसारखीच हवा खेचते, आणि हीटरचा धूर खोलीत उलटवते. म्हणून पुढच्या वेळी मॅस्टिकचा पहिला हात रिटर्नवर.