पारा सांगत नाही तो धोका

जवानांचा सराव चालू ठेवायचा की थांबवायचा, हे नुसत्या पाऱ्यावरून ठरवता येत नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची शरीरातच उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचा. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो आणि दमट हवेत तो नीट वाळत नाही. अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या तळावर नवे मरीन सैनिक उष्म्याने कोसळत होते, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी १९५०च्या दशकात हे गणित मांडले. त्यातून ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ हा निर्देशांक आला. त्याची साधने साधीच आहेत. एका तापमापकाच्या फुग्यावर ओली कापडी वात, तीही उघड्या वाऱ्या-उन्हात, दुसरा तापमापक काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात, तिसरा सावलीत. ओल्या तापमापकाला ७० टक्के वजन, गोळ्याला २० आणि बातम्यांत झळकणाऱ्या हवेच्या तापमानाला अवघे १०.

समजा, वाळवंटात हवा ४५ अंश, गोळा ५८ आणि ओला तापमापक २५ दाखवतो आहे. निर्देशांक येतो ३३.६. किनाऱ्यावर हवा ३४, गोळा ४८, पण ओला तापमापक ३१, निर्देशांक ३४.७. पारा अकरा अंशांनी खाली असूनही धोका किनाऱ्यावर जास्त! अमेरिकी लष्करात ३२.२ अंशांना सर्वाधिक धोक्याचे काळे निशाण लागते.

सैनिकाला खडतर हवामानाची सवय हवी, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ती सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि ती श्रम हळूहळू वाढवूनच होते. निशाणामुळे सगळेच प्रशिक्षण बंद पडत नाही. वेळ, ओझे आणि विश्रांती बदलते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा आकडा हवेचा आहे, माणसाचा नव्हे. खरेच आहे, म्हणून तर चिलखत घातलेल्यांसाठी त्यात भर घालतात. जुलै २०१३ मध्ये वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात निवड चाचणीच्या कूचमध्ये तीन ब्रिटिश राखीव सैनिकांचा जीव गेला. पारा चाळिशीच्या जवळपासही नव्हता. पाठीवर ओझे होते आणि वेळेत पोहोचण्याची ईर्षा होती. अशी ईर्षा असलेला तरुण स्वतःहून थांबत नाही, त्याला थांबवण्याचा अधिकार कुणाला तरी आधीच दिलेला असावा लागतो.

आपल्याकडे पोलीस भरतीची मुले अशाच जिद्दीने धावतात. त्या मैदानांवरही हे उपकरण लावा आणि त्याचा आकडा पाहूनच शिटी वाजवा.