हलकी काठी, जड काठी

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी मजकुराचा कोणताही कागद घरात आला, मग तो विम्याचा असो, बँकेचा असो की औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी असो, तो माझ्यापुढे ठेवला जातो. आपल्याला यातले कळत नाही असे म्हणण्याची सोय नसते, "मग कॉलेजात काय शिकतोस?" हा प्रश्न तयारच असतो. गेल्या वर्षी याच रीतीने माझ्यापुढे एक कॅटलॉग आला. तो होता मासे धरण्याच्या काठ्यांचा.

कॅटलॉग माझ्या मामांचा. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत काही वर्षे ते हिमाचल प्रदेशात पालमपूरला होते. तेथल्या त्यांच्या साहेबांना ट्राउट धरण्याचा नाद होता. सुट्टी मिळाली की साहेब मंडी जिल्ह्यातल्या बरोटला, ऊहल नदीवर जात आणि सामान सांभाळायला मामांना नेत. सामान सांभाळता सांभाळता मामा स्वतःच फेक शिकले. साहेबांनी बदलीच्या वेळी आपली जुनी बांबूची काठी त्यांना दिली. ती आजही मामांच्या घरात तुळईखाली आडवी टांगलेली आहे. पुन्हा एकदा बरोटला जायचे असे ते आम्हाला कळू लागल्यापासून म्हणत आले. पण मध्यंतरी विहिरीच्या कडेवरून पडल्यामुळे त्यांचा उजवा खांदा अधू झाला. डॉक्टरांनी फावडे बंद केले. जुन्या काठीने दहा-पंधरा फेकी झाल्या की हात वर जाईना. तेव्हा नवी, हात न दुखवणारी काठी घ्यायची आणि ती भाच्याने निवडायची, असे ठरले.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आपण नदीवर गळ टाकतो तेव्हा गांडूळ किंवा पिठाची गोळी आणि शिशाचा तुकडा यांचे वजन असते; ते वजन पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंग या विलायती प्रकारात सारे उलटे आहे. गळावर पिसे आणि धागा गुंडाळून खोटी माशी बनविलेली असते. तिला वजन असे नसतेच. पिसाला कितीही जोरात फेका, ते चार हातांवर पडणार. म्हणून येथे दोरीच जाड आणि वजनदार असते, काठी ती दोरी मागे-पुढे हवेत खेळवते, आणि दोरीच्या टोकाला बांधलेल्या बारीक तंगुसावरून माशी पाण्यावर अलगद उतरते. एका दिवसात अशा शेकडो फेकी कराव्या लागतात. जुन्या काळी साहेब लोक याला खेळ म्हणत असले तरी खांद्याच्या दृष्टीने ती मजुरीच आहे.

करमणुकीसाठी गळ टाकणे ही केवळ साहेबांची मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. मराठीच्या तासाला ओवीचा जुना उल्लेख म्हणून 'मानसोल्लास' या ग्रंथाचे नाव आपण ऐकलेले आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाच्या, बाराव्या शतकातल्या त्याच ग्रंथात मत्स्यविनोदावरही एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा आणि गळाने मासे धरण्याची करमणूक यांचे वर्णन त्यात येते. परीक्षेला हे विचारत नाहीत, एवढेच.

आता माझी चूक सांगतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक काठीला क्रमांक होता: ३, ४, ५, ६, ८. मार्कांची सवय लागलेला मी. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली, असे समजून मी ९ फुटांची ८ क्रमांकाची काठी निवडली. वजन पाहिले तर ११० ग्रॅम. मामांची जुनी काठी ८ फुटांची, आणि आमच्या गावच्या सोनाराच्या काट्यावर ती १२८ ग्रॅम भरली होती. म्हणजे नवी हलकी आणि भारी क्रमांकाचीही. शिवाय तिची स्तुती करताना ती 'ताठ आणि वेगवान' आहे असे लिहिले होते. मामांनी पेन्शनीतून साठवलेले पैसे काढले, काठी आली, तिला शोभेल असे रीळ आणि दोरीही आली.

ज्वारी काढलेल्या रानात मामांनी फेक करून पाहिली. पाण्याची गरज नसते. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधला की रानातही सराव होतो. बांधावर बसलेली पोरे "मामा, मासा कुठल्या सरीत हाय?" म्हणून हसत होती. अर्ध्या तासात मामा खाली बसले आणि खांदा दाबत मला म्हणाले, "लेका, ही काठी हाय का पहार?"

ज्यांच्याकडून मागवली होती त्यांनी वापरलेली काठी परत घेतली नाही. घरात कोणी मला काही बोलले नाही, आणि त्याचेच जास्त लागले. काट्यावर हलकी असलेली काठी हातात जड का, या प्रश्नाने मला दोन महिने पछाडले. आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, म्हणून मी माझ्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेलो. त्यांनी मला अंगणातली कुऱ्हाड उचलायला सांगितली. दांड्याच्या टोकाला धरून फिरवली, तर मनगट वाकले. मग त्यांनी ती उलटी करून पात्याशी धरायला लावली. तीच कुऱ्हाड पोराच्या काठीसारखी फिरू लागली. काट्यावर दोन्ही वेळा वजन तेवढेच भरेल; फरक एवढाच की वजन हातापासून किती लांब आहे. याला पुस्तकात जडत्व आघूर्ण म्हणतात. त्यात अंतराचा वर्ग धरतात: मुठीपासून १ फुटावर असलेला १ ग्रॅम आणि ८ फुटांवर असलेला १ ग्रॅम यांत फिरवताना चौसष्टपट फरक पडतो. म्हणून काठीचे एकूण वजन विचारण्याआधी तिचे टोक किती हलके आहे ते पाहावे. दोन काठ्या सारख्याच वजनाच्या असतील तर जिचे वजन मुठीकडे साठले आहे ती घ्यावी. आणि लांबी वाढली की हे सारे वाढते, हेही ओघाने आलेच. माझी काठी जुनीपेक्षा फूटभर लांब होती.

क्रमांकाचा अर्थ मला त्यानंतर कळला, आणि लाज वाटली. तो काठीच्या दर्जाचा नव्हेच. ती किती वजनाच्या दोरीसाठी आहे त्याचा आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या साहित्य बनविणाऱ्यांनी ठरवले की दोरीच्या पुढच्या ३० फुटांचे वजन करायचे आणि त्यावरून क्रमांक द्यायचा. ते वजन ग्रेनमध्ये देतात. ४ क्रमांकाच्या दोरीचे ते १२० ग्रेन, ५ चे १४०, ८ चे २१०. सोनार म्हणाले, जुन्या हिशेबाने १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे ४ क्रमांकाची दोरी दोन तृतीयांश तोळा आणि मी निवडलेली तोळ्याहून जास्त! मामांना ऊहल नदीतले हातभर लांबीचेही नसणारे ट्राउट धरायचे होते. मी त्यांच्या हातात मोठ्या माशांचे, खाऱ्या पाण्यातल्या जोरकस वाऱ्याचे हत्यार दिले होते. नदीवरच्या ट्राउटसाठी ४ किंवा ५ क्रमांक पुरतो.

रिळाचे प्रकरण वेगळेच. मी फक्त काठी तोलली होती. हातात तर सगळेच असते. जाड दोरीला मोठे रीळ लागते. नवे रीळ दोरीसह २३० ग्रॅम, जुने १३०. म्हणजे काठीत १८ ग्रॅम वाचवून मी रिळात १०० ग्रॅम वाढवले होते. याउलट रीळ शक्य तितके हलके घ्यावे असेही नाही. रीळ मुठीच्या खाली, हाताजवळ असते, त्यामुळे काठी फिरवताना त्याचा त्रास थोडा. मात्र काठी नुसती धरून उभे राहताना पुढच्या टोकाचा भार ते तोलून धरते. फारच हलके असले की टोक खाली झुकते आणि ते सावरण्यात मनगट शिणते. परीक्षा सोपी आहे. रीळ बसवावे, थोडी दोरी बाहेर काढावी आणि बुचाच्या मुठीच्या पुढच्या कडेखाली बोट धरावे. काठी तराजूसारखी आडवी राहिली की जमले.

ताठपणाबद्दल जाहिराती फसव्या असतात असे माझे मत झाले आहे. ताठ काठी फक्त टोकाला वाकते आणि ती लांब फेकीसाठी ठीक आहे. पण डोंगरी ओढ्यावर फेक वीस-तीस फुटांची. एवढ्या थोड्या दोरीने ताठ काठी वाकतच नाही. मग काठीने करायचे काम माणसाचा खांदा करतो. मध्यापर्यंत वाकणारी काठी थोड्या दोरीनेही कमानीसारखी ताणली जाते आणि सुटताना दोरी स्वतः फेकते. हात फक्त सुरुवात करतो आणि थांबतो. मामांची जुनी काठी वजनाने जास्त असूनही तेवढी का झोंबत नव्हती, ते यात आले.

ही जुनी काठी बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटवून केलेली, षट्कोनी आणि आतून भरीव आहे. अशा काठ्या एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नावारूपाला आल्या. सुरुवातीला त्यांना आपल्याकडून जाणारा 'कलकत्ता' बांबू वापरीत; पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे सारले. बांबूआधी इंग्रज लोक ग्रीनहार्ट नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या जड लाकडाच्या काठ्या वापरीत. त्यांच्या खांद्यांची मला आता दया येते. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या पोकळ काठ्या आल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडात फार्नबरो येथे विमानांसाठी कार्बनतंतू विकसित झाला आणि १९७३ साली फेनविक कंपनीने त्याची माशीची काठी बाजारात आणली. आजच्या हलक्या काठ्या बहुतेक याच जातीच्या. पोकळ असल्याने टोक खरोखर हलके राहते. बांबूची काठी दिसायला देखणी हे मान्य, परंतु अधू खांद्याच्या माणसाने देखणेपणाच्या मागे लागू नये.

मुठीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि मीही दिले नव्हते. मूठ बारीक असली की ती निसटू नये म्हणून माणूस नकळत आवळून धरतो, आणि आवळलेल्या मुठीचा ताण कोपरापर्यंत चढतो. मामांचा पंजा शेतकऱ्याचा, रुंद. त्यांना फावड्याच्या दांड्याएवढे नव्हे, पण भरदार बूच हवे. पत्रात वजन विचारावे, मूठ मात्र शक्य असल्यास हातात धरूनच पाहावी.

दुसऱ्यांदा काठी घेताना मी घाई केली नाही. आधीची एका ओळखीच्या गृहस्थांनी खाडीत जिताडा धरण्यासाठी कमी किमतीत घेतली. त्यांच्या कामाला ती योग्यच होती. नवी साडेआठ फुटांची, ४ क्रमांकाची, मध्यम वाकणारी, वजन ८२ ग्रॅम. रीळ दोरीसह १२५. सगळे मिळून २०७ ग्रॅम, म्हणजे पहिल्या खरेदीपेक्षा १३३ ग्रॅमने कमी. चार तुकड्यांत सुटते, त्यामुळे रेल्वेच्या बाकाखाली मावेल. तुटीचे पैसे मी सुट्टीत ऊसतोडीच्या हिशेबाच्या वह्या लिहून भरले. मामा नको म्हणत होते.

फेकीची रीत मात्र कॅटलॉगात नव्हती, ती मामांनीच मला सांगितली. कोपर बरगडीजवळ. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. काठी मागे नेऊन ठाम थांबवायची आणि मागची दोरी सरळ होईपर्यंत वाट पाहायची. नवशिक्या वाट पाहत नाही, मग अपुरी राहिलेली फेक जोर लावून पुरी करतो, आणि तेथेच हात जातो. मामा कवायतीसारखे मोजतात: मागे, एक, दोन, पुढे. माझी फेक अजून दीडालाच सुटते.

परवाच्या रविवारी त्याच रानात आम्ही पुन्हा गेलो. मी बांधावर बसून फेकी मोजत होतो. चाळिसाव्या फेकीला मामा थांबले. डाव्या हाताने उजवा खांदा दाबून पाहिला, हात वर केला, खाली केला. मी काठी घ्यायला उठलो तर म्हणाले, "बस खाली. अजून धा होतील. आणि त्या मंडीच्या मासे खात्याला परवान्याचा अर्ज लिही, इंग्रजीत."