सेव्ह आणि एक्सपोर्ट : एक पोस्टर, तीन भाषा

आमच्या वाङ्मय मंडळात पोस्टरच्या कामाला नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे गिम्प जेपीजीमध्ये सेव्ह का करू देत नाही?" पोस्टर तयार झालं, कंट्रोल-एस दाबलं, नावापुढे जेपीजी लिहिलं, की गिम्प सांगतं, इथे फक्त एक्ससीएफ, बाकीसाठी एक्सपोर्टकडे जा. नवख्यांना ही उगाच अडवणूक वाटते. मला ती पटते. का, ते सांगते.

गिम्प हे चित्रं संपादित करायचं मोफत सॉफ्टवेअर. बर्कले विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ मध्ये लिहायला घेतलं. एक्ससीएफ हे नाव त्याच विद्यापीठातल्या 'एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी' या गटावरून आलं. आधी 'सेव्ह'मधूनच सगळे फॉरमॅट मिळत. २०१२ च्या २.८ आवृत्तीने दोन कामं वेगळी केली : सेव्ह म्हणजे आपलं काम जपणं, एक्सपोर्ट म्हणजे त्याची प्रत बाहेर देणं.

फरक समजायला लेअर समजले पाहिजेत. पोस्टरमध्ये खाली फोटो, त्यावर रंगाची पट्टी, त्यावर शीर्षक, त्यावर तारीख. असे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं असतं. एक्ससीएफमध्ये हे कागद सुटे राहतात आणि अक्षरं अक्षरंच राहतात, म्हणजे पुन्हा टाइप करून बदलता येतात. जेपीजी किंवा पीएनजी केलं की सगळे कागद एकमेकांना चिकटतात. उरतात ते फक्त रंगाचे ठिपके. भाकरी एकदा भाजली की तिच्यातून पीठ परत काढता येत नाही, तसंच हे.

जेपीजी आणखी एक गोष्ट करतं. १९९२ चं हे मानक फोटोसाठी बनलेलं. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्यांना सहसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देतं. म्हणून फाइल लहान होते. पण तीच फाइल उघडून, बदलून पुन्हा जेपीजी केली की आणखी तपशील जातो. फोटोत ते खपून जातं. अक्षरांच्या कडेला मात्र धुरकटपणा दिसतो. आपल्या देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार आधीच बारीक, त्यांची पहिली वाट लागते. पीएनजी तपशील टाकत नाही आणि पारदर्शक भागही टिकवतं. त्यामुळे अक्षरं जास्त असतील तर पीएनजी, नुसता फोटो असेल तर जेपीजी.

आता आपल्याकडचं बघा. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात घरात मराठी, ऑफिसात कन्नड, वर्गात इंग्रजी असं रोजचं चालतं. कार्यक्रमाचं पोस्टर एकाच भाषेत करून भागत नाही. एक्ससीएफ जवळ असेल तर तिन्ही भाषांचे लेअर एकाच फाइलमध्ये ठेवायचे. डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून दोन लपवायचे, एक दाखवायचा आणि तीन प्रती एक्सपोर्ट करायच्या. हातात नुसती कन्नड जेपीजी असेल तर मराठीसाठी त्यावर पांढरं ठिगळ लावावं लागतं, नाहीतर घाईत मराठी राहूनच जाते. भाषा कुणी मुद्दाम वगळलेली नसते. मूळ फाइल कुणी जपलेली नसते, इतकंच. मराठीतली साधी वेलांटी सुधारायची झाली तरी हीच अडचण.

म्हणून आम्ही तीन सवयी लावून घेतल्या आहेत. काम सुरू करतानाच एक्ससीएफ सेव्ह करायची. मंडळाच्या फोल्डरमध्ये तिच्यासोबत वापरलेल्या फॉन्टचं नावही लिहून ठेवायचं, कारण फॉन्ट फाइलमध्ये येत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो नसेल तर अक्षरं बदलायला गेल्यावर वळण वेगळंच होतं. आणि व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं. फोटो म्हणून पाठवलं की तिथे ते पुन्हा दाबलं जातं.

एक्सपोर्ट करून गिम्प बंद करताना ते पुन्हा विचारतं, बदल सेव्ह करायचे का? वैतागून 'नाही' म्हणू नका. पुढच्या वर्षी आपल्या जागी जो कुणी येईल, त्याला त्या फाइलमधली तारीख तेवढी बदलायची असेल.